मागची भिंत पुढे

मधुवंतीनं चहाचा कप पुढे केला आणि मी तो घेतला, निदान मला तसं वाटलं. बोटं मिटली तेव्हा त्यांत हवा होती. कप अजून चार बोटं पलीकडे होता. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर कप फुटला असता आणि विषय चहावरच संपला असता. पण ही पोरगी सावध. तिनं कप सोडला नाही. आणखी पुढे आणून माझ्या हातात दिला, मी नीट धरलाय याची खात्री केली आणि मग हात काढून घेतला, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला देतात तसा. मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. "रात्री झोप नाही झाली," मी म्हणालो. "हो सर," ती म्हणाली आणि टेबलावरच्या केबली मोजायला लागली. त्या 'हो सर'मध्ये काय होतं ते मी चहा संपेपर्यंत शोधत राहिलो. काहीच नसेल. चोराच्या मनात चांदणं, तसं माझं चाललं आहे. कुणी नुसतं माझ्याकडे पाहिलं तरी मी आधी खुलासा द्यायला तोंड उघडतो.

आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी दाढी करताना उजव्या डोळ्यात साबण गेला म्हणून तो मिटला, आणि आरशातला माझा चेहरा मधून नाहीसा झाला. कान होते, कपाळाची कड होती, मधे राखाडी डाग. उजवा उघडला की चेहरा जागेवर, मिटला की राख. पाच-सहा वेळा मी तेच केलं, बिघडलेलं बटण माणूस दाबत बसतो तसं. मग दाढी पुरी केली, डबा घेतला, कामावर गेलो आणि दुपारी कुणाला न सांगता रामदासपेठेत एका डॉक्टरला दाखवलं. डाव्या डोळ्यामागची नस बंद झाली आहे, तो म्हणाला, बीपीनं होतं असं. गेलेलं परत येईल असं सांगवत नाही, पण उजवा शाबूत आहे, गोळ्या घ्या, गाडी सांभाळून चालवा, एका डोळ्यावर लोक अख्खं आयुष्य काढतात. आणि उठता उठता त्यानं विचारलं, "काय करता आपण?" "आरशांचं काम आहे," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. आंधळा मागतो एक डोळा, अशी म्हण ज्यानं केली त्याला दोन डोळ्यांचं काम कधी पडलं नसावं, असा विचार करत मी जिना उतरलो आणि शेवटच्या पायरीला जमीन समजून आपटलो.

आम्ही हवेत चित्रं उभी करतो. महाल भागातल्या एका गल्लीत, बंद पडलेल्या छापखान्याच्या जागेत आमचं वर्कशॉप आहे. भिंतींना अजून शाईचा वास येतो. स्क्रीनसमोर अर्धी काच तिरपी धरायची. अर्धी म्हणजे निम्मा उजेड परतवणारी आणि निम्मा आरपार सोडणारी. स्क्रीनवरचं चित्र तिच्यात पडतं, आणि पाहणाऱ्याला ते काचेच्या पलीकडे, रिकाम्या जागेत उभं दिसतं. अशा एकामागे एक तीन काचा आणि तीन स्क्रीन. वस्तूचा जवळचा भाग एकीवर, मधला दुसरीवर, लांबचा तिसरीवर. तिन्ही एकमेकांतून दिसतात आणि डोळ्यांना खोली मिळते. चष्मा लावायला नको, काही नको. लोक बाजूनं हात घालून पाहतात, हाताला काही लागत नाही, मग हसतात. बँकेचा मॅनेजर असो की भाजीवाली, हसणं तेच. त्या हसण्यासाठी मी तेवीस वर्षं काढली. चित्रं आणि गणित मधुवंतीकडे, ती पाच वर्षांपूर्वी आली तेव्हापासून. शेवटचं काम मात्र माझं. सगळं लावून झालं की मी समोर स्टुलावर बसतो आणि ती आत हात घालून स्क्रीन सरकवते. मधला मागं. अजून. जरा पुढं. बस्स. याला आमच्याकडे नजर देणं म्हणतात. तिन्ही थर एकमेकांत मुरतात आणि वस्तू एकदम भरीव होते, ती जागा मोजपट्टीला सापडत नाही, दोन डोळ्यांना सापडते. एका डोळ्याला तिन्ही थर एकाच कागदावर काढल्यासारखे दिसतात, मग कुठला पुढे आणि कुठला मागे, काहीही असो.

मी त्याच आठवड्यात सांगायला हवं होतं. रोज सकाळी सांगायचं ठरवून निघायचो. पण मधुवंती म्हणायची, "सर, नजर द्या ना," आणि मी जाऊन स्टुलावर बसायचो, कारण ते स्टूल सोडून मला या जगात दुसरी कुठली जागा आहे असं मला वाटत नव्हतं. मला स्वतःची कीव आली असं नाही. मला भीती वाटली, सरळ भीती. मग युक्त्या सुरू झाल्या. ती जेवायला गेली की मोजपट्टीनं अंतरं घेऊन ठेवायची आणि तीच नंतर बघून सांगितल्यासारखी सांगायची. मान जरा डावीकडे, जरा उजवीकडे करायची. मान हलली की जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी, तेवढ्यावरून पुढे-मागे कळतं. कबूतर तसंच करतं. "सरांची मान पाहा," असं म्हणून मधुवंती एकदा हसली होती. गाडी तिच्या हाती दिली, पाठदुखी सांगून. घरी जेवताना वाट्या देणं-घेणं नको म्हणून उशिरा, एकटा जेवायला लागलो, आणि रोशनीनं, माझ्या बायकोनं, दोन-तीन दिवस वाट पाहून माझं ताट झाकून ठेवायला सुरुवात केली. ती शाळेत शिकवते, तिला सकाळी लवकर उठायचं असतं. हे सगळं इतकं दमवणारं असेल असं वाटलं नव्हतं. डोळा गेल्यानं माणूस दमत नाही. तो आहे असं दिवसभर वागून दमतो.

अकरा वाजता आम्ही खापरखेड्याला निघालो. वीज केंद्रात नव्यानं लागणाऱ्या मुलांना बॉयलर शिकवण्यासाठी एक मोठं यंत्र आम्ही केलं होतं: सहा फुटी पेटी, आत हवेत उभा राहणारा बॉयलर, पुढची भिंत, मधली भट्टी, मागची भिंत, नळ्यांसकट. पेटी टेम्पोतून पुढे गेली होती. मधुवंती गाडी चालवत होती, मी तिच्या शेजारी. कोराडी रोडला ऊन असं की समोरचे ट्रक पाण्यात उभे आहेत असं वाटावं. वीज केंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या तसा मी गप्प झालो. माझं लहानपण तिथल्या कामगारांच्या कॉलनीत गेलं. बाबा, म्हणजे धोंडबा, तिथं बॉयलरवर होते, आणि सुरक्षा सप्ताहात घरच्यांना आत नेत तेव्हा त्यांनी मला एकदा भट्टीच्या बारक्या खिडकीपाशी उचलून धरलं होतं. हातात निळी काच दिली. "एक डोळा मीट आन् पाय," ते म्हणाले होते. मी पाहिलं. आत पिवळं-पांढरं काहीतरी हलत होतं, भिंतीवर पडद्यासारखं. "किती मोठी आहे भट्टी?" मी विचारलं. "आपल्या बिल्डिंगीएवढी," बाबा म्हणाले, आणि मला ते खोटं वाटलं, कारण मला ती माझ्या हातातल्या काचेएवढीच दिसत होती. बाबा तीस वर्षं त्या आगीकडे पाहत राहिले. रात्री घरी येऊन अंगावरची राख धुतली की बुद्धवंदना म्हणून जेवत, आणि जेवताना कधी बोलत नसत. तेही दमलेले असत. पण त्यांचं दमणं अंगाचं होतं, झोपलं की उतरायचं. माझं उतरत नाही.

प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये पेटी भिंतीला टेकवून ठेवली होती. केबली मागून लावायच्या असतात, मागे जागा नव्हती, म्हणून मधुवंतीनं पुढून वाकून, हात पार आत घालून त्या चाचपत लावल्या. प्रशिक्षणाचे साहेब, पन्नाशीचे, नीटनेटके, माझ्या कानाशी सारखं बोलत होते: पंख्यांविषयी, निधीविषयी, मागच्या ठेकेदाराविषयी. वीसेक पोरं खुर्च्यांवर येऊन बसली होती. "सर, नजर द्या," मधुवंती म्हणाली. मी समोर बसलो. बॉयलर उभा राहिला, सुंदर दिसला, एखाद्या चांगल्या छापील चित्रात दिसावा तसा. मान हलवायला हवी होती. साहेब माझ्या खांद्याला खेटून उभे होते, पोरं पाहत होती, आणि खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता. आठ महिन्यांत पहिल्यांदा मी ते नाटकसुद्धा केलं नाही. "बरोबर आहे," मी म्हणालो. मधुवंती म्हणाली, "सर, पाहा ना एकदा परत. मी आडवी होऊन लावल्या केबली." "अगं बरोबर आहे," मी म्हणालो, जरा चढ्या आवाजात.

पोरं एकेक करून पुढे येऊन पाहू लागली. हसू कुणालाच आलं नाही, हे आधी माझ्या लक्षात आलं. डोळे चोळत होती. एक म्हणाला, "सर, चक्कर येऊन राहिली." तेवढ्यात मागून एक म्हातारा शिक्षक उठला, बळीराम म्हणून, बाबांसोबत काम केलेला, आल्याआल्याच त्यानं मला ओळखून, "धोंडबाचा पोरगा ना गा तू?" असं म्हणत पाठीवर थाप मारली होती. तो पेटीपुढे उभा राहिला, थोडा वाकला, सरळ झाला. "बाबू, हे तं उलटं झालं," तो म्हणाला. "मागची भिंत पुढं येऊन बसली. हे पोरं असं शिकले तं उद्या भलत्याच नळीपाशी हात घालतीन गा." एक नंबरच्या आणि तीन नंबरच्या केबलींची अदलाबदल झाली होती, बाकी काही नाही. जवळचं चित्र लांबच्या काचेत आणि लांबचं जवळच्या. दोन डोळ्यांच्या कुणालाही ते पहिल्या झटक्यात दिसतं. सगळ्या हॉलला दिसलं. मला आत्तासुद्धा समोर तो सुंदर, बरोबर बॉयलरच दिसत होता.

"हे कसं काय झालं?" साहेबांनी विचारलं. ते चिडले नव्हते, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. "माझी चूक आहे सर," मधुवंती म्हणाली. "केबली मी उलट्या लावल्या." "पण यांनी तपासलं नव्हतं?" साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. मधुवंती माझ्याकडे पाहायला लागली. ती बोलायची घाई करत नव्हती. तिनं मला वेळ दिला. भरपूर वेळ दिला. मी जमिनीवरच्या फरशीची रेघ पाहत होतो. "सरांले मी दाखवलंच नव्हतं," ती शेवटी म्हणाली. "घाईत राहून गेलं." साहेब माझ्याकडे वळले आणि मी मान हलवली. एवढंच केलं मी. पण ती मान होकाराची होती. ज्या पोरांसमोर तिला पुढच्या आठवड्यात हे यंत्र कसं वापरायचं ते शिकवायला यायचं होतं, त्यांच्यासमोर मी तिला हलगर्जी ठरवलं, आणि ती कमरेतून वाकून पेटीत शिरली, केबली बदलल्या, बाहेर आली, केस मागे सारले. या वेळी पोरं हसली. बळीरामनं टाळी वाजवली. मधुवंतीनं मला नजर द्यायला सांगितलं नाही.

परतताना कोराडी मागे पडलं. तिनं ए.सी. बंद करून काच खाली घेतली, धूळ आत आली तरी काच वर केली नाही. "सर, मी तुम्हाले दोनदा विचारलं," ती म्हणाली, रस्त्यावरची नजर न काढता. "चूक माझी होती, ते ठीक आहे. माझी होती म्हणून मी घेतली. पण तुम्ही पाहिलं होतं. मंग काहून नाही बोलले?" मी पाठदुखीसारखं काहीतरी निमित्त शोधत होतो. सापडलं नाही. आणि एकाएकी शोधायचाच कंटाळा आला. "मला डाव्या डोळ्यानं दिसत नाही," मी म्हणालो. "आठ महिने झाले. मला पुढचं-मागचं कळत नाही. मोजपट्टीनं चालवतो." माझा आवाज मला फार साधा वाटला, दूध नासलं आहे असं सांगताना असतो तसा.

तिनं गाडी रसवंतीच्या एका पालापाशी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. मला वाटलं आता ती हळहळेल, हातावर हात ठेवेल. मी त्याची तयारीही केली होती, अगदी लाजिरवाणी तयारी. ती बोटं मोजत होती. "आठ महिने," ती म्हणाली. "म्हणजे जुलै. त्याच्यानंतर काय काय गेलं आपल्याकडून? सराफाची काचपेटी. बियाण्यावाल्यांचा स्टॉल. आन् ते." ती थांबली. "आन् ते नर्सिंगच्या शाळेतलं." वर्ध्याकडच्या एका नर्सिंग शाळेसाठी आम्ही पोटातलं बाळ केलं होतं, डोकं कुठे, पाठ कुठे, नाळ कुठून. सुईणीचं काम शिकणाऱ्या मुली त्यावर शिकत होत्या. सप्टेंबरपासून. "त्याले कोणी नजर दिली, सर?" "मी." "मोजपट्टीनं?" "हो." "मी त्या दिवशी नव्हती तिथं. मले ताप होता. तुम्ही एकटे गेले होते." ती माझ्याकडे वळली, आणि तिचा चेहरा रागानं लाल झाला होता, खरोखर लाल. "बाळाचं डोकं कोणच्या बाजूनं आहे ते त्या पोरी पाहून राहिल्या सर, सहा महिन्यांपासून. तुम्हाले एक शब्द नाही सांगता आला? मी काय तुम्हाले हाकलून दिलं असतं? माझ्या नजरेनं काम झालं नसतं? तुम्ही मले शिकवलंच काहून मग?"

खरं उत्तर असं होतं की बाळाविषयी मी कधी विचारच केला नाही. मी फक्त स्टुलाविषयी विचार करत होतो. हे तिला सांगण्याइतका मी धीट नव्हतो, पण मला ते तेव्हा कळलं. तिनं माझा फोन डॅशबोर्डवरून उचलून माझ्या मांडीवर ठेवला. "लावा," ती म्हणाली. मी लावला. तिकडे कौशल्या सिस्टर होत्या, नर्सिंग शाळेच्या प्रमुख शिक्षिका, मोठ्या आवाजाच्या. "अहो सर! कशी आठवण केली?" मी म्हणालो, "मी धम्मदीप बोलतोय. ते यंत्र आजपासून बंद ठेवा. त्यात मागचं पुढे दिसत असण्याची शक्यता आहे." "म्हणजे?" त्यांचा आवाज उतरला. "तुम्हीच लावून दिलं होतं ना? तुम्ही पाहिलं होतं ना?" "मला एका डोळ्यानं दिसत नाही, सिस्टर. तेव्हाही दिसत नव्हतं. मी सांगितलं नाही." मग त्या म्हणाल्या, "मुली म्हणत होत्या, डोकं दुखतं. मी त्यांना रागावली." आणि मग, "उद्या या. त्या पोरीले घेऊन या." "त्या पोरी"ला ते ऐकू गेलं. तिनं उद्याची वेळ विचारायची खूण केली आणि वहीत लिहून घेतली.

पालावरचा माणूस विचारून गेला, रस हवा का. तिनं दोन सांगितले. ग्लास तिनं माझ्या हातात दिला नाही, माझ्या बाजूच्या दारावरच्या कप्प्यात ठेवला, मला हवा तेव्हा घ्यावा म्हणून. राग गेला नव्हता, पण डोकं कामाला लागलं होतं: उद्या वर्धा, परवा सराफ, बियाणेवाले नंतर, आणि उद्या सकाळी साहेबांना फोन करून खरं काय ते सांगायचं, तो मीच करायचा. मी हो म्हणालो. मला हलकं वगैरे वाटत नव्हतं. झोप येत होती, लहान मुलाला रडून झाल्यावर येते तशी. "घरी माहीत आहे?" तिनं विचारलं. मी नाही म्हणालो. तिनं डोळे मिटून घेतले, एक मोठा श्वास घेतला. "कमाल आहे बापा तुमची," ती म्हणाली. "लावा घरी." "घरी गेल्यावर सांगतो." "लावा सर."

चार वाजले होते, शाळा सुटली होती. रोशनीनं दुसऱ्या रिंगला उचलला. "काहो, जेवले नाही का अजून?" मागे भांडी वाजत होती. मी सांगितलं. कौशल्या सिस्टरांना सांगितलं होतं तेच शब्द वापरले, दुसरे माझ्याकडे नव्हते. भांड्यांचा आवाज थांबला. "कधीपासून?" ती म्हणाली. "जुलैपासून." "जुलैपासून तुम्ही माझ्याकडे पाहत नव्हते," ती म्हणाली. "तोंड फिरवून बसत होते. जेवायले एकटे. मले वाटलं, मी तुमच्या मनातून उतरली. कोणी दुसरी असन म्हणून मी आठ महिने..." ती रडायला लागली, आणि त्या रडण्यात सुटका इतकी स्पष्ट ऐकू येत होती की मला मान वर करून मधुवंतीकडे पाहवेना.